वाटा दोन, खाडी एकच

प्रस्तावना

वसई-विरारहून मुंबईकडे निघालेल्या प्रत्येक केबलला कुठेतरी खाडी ओलांडावी लागते. एक तर नायगाव–भाईंदरच्या रेल्वे पुलांच्या अंगाने, नाहीतर घोडबंदरजवळ महामार्गाच्या वर्सोवा पुलावरून. (समुद्राखालून येणाऱ्या केबल जिथे किनाऱ्याला लागतात ते वर्सोवा अंधेरीचे. नवशिके नकाशावर या दोघांची हमखास गल्लत करतात.) तिसरी वाट आडवळणाची आहे: चिंचोटी, कामण, भिवंडी असा रस्ता किंवा वसई–दिवा रेल्वेमार्ग धरून पूर्वेकडून वळसा घालायचा आणि खाडी वरच्या अंगाला, कशेळी-कोपरच्या बाजूला ओलांडायची. टेलिफोनच्या जमान्यात हीच खाडी कोडची हद्द होती. भाईंदरला ०२२, नायगावला ०२५०.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून इथे महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. त्यानंतर किती भर पडली ते विरार पश्चिमेला नुसती मान वर करून पाहिले तरी कळते. या वस्तीतले मोबाइल टॉवर, केबलवाल्यांचे फायबर, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतली ऑफिसे, इस्पितळे, पतपेढ्या, कॉलेजे यांचा सगळा डेटा त्या दोन-तीन वाटांनीच ये-जा करतो.

हे पुस्तक एकाच प्रश्नाभोवती फिरते. तुमच्याकडे भाड्याने घेतलेली एकापेक्षा जास्त सर्किट असतील, तर त्यांच्यावर इंटरनेटची रहदारी वाटायची कशी? दोन्ही वापरात राहिली पाहिजेत, एकही तुंबता कामा नये आणि एक तुटले तर दुसऱ्याने भार पेलला पाहिजे. या तीन मागण्या ऐकायला एकसारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींचे पाय ओढतात, आणि कोणती मागणी आधी हे न ठरवता राउटरला हात लावणारे लोक पुढे वर्षभर तक्रारी सोडवत बसतात.

लीज लाइन म्हणजे चोवीस तास फक्त आपल्यासाठी राखलेली वाट. तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक पुस्तकभर लागणार आहे. पहिल्या प्रकारात दोन्ही टोके आपली असतात, म्हणजे वसईचा कारखाना आणि अंधेरीचे मुख्य ऑफिस यांना जोडणारी लाइन. दुसऱ्या प्रकारात एक टोक आपले आणि दुसरे पुरवठादाराच्या राउटरमध्ये, तिथून पुढे सगळे जग. पहिल्यात दोन्ही बाजूंनी वाटणी कशी करायची ते आपण ठरवतो. दुसऱ्यात जाणारी रहदारी आपल्या हातात असते, येणारी नसते. या विषयातले सगळे पंथ या एका फरकातून फुटले आहेत, असे माझे मत आहे. दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे आधी विचारावे. कोणत्या कंपनीचा राउटर घेऊ, हा प्रश्न फार नंतरचा.

विषय जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग याने १९०९ मध्येच दाखवून दिले होते की येणारे कॉल यादृच्छिक असतात आणि त्यांचे गणित संभाव्यतेने मांडता येते. किती गिऱ्हाइकांना किती तारा पुरतील, याचे उत्तर तिथून मिळू लागले. पुढे रांगांच्या शास्त्राने त्यातून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली: दोन वेगळ्या अरुंद वाटांपुढे दोन वेगळ्या रांगा लावण्यापेक्षा, तेवढ्याच क्षमतेची एक रुंद वाट आणि एक रांग केव्हाही बरी. साध्या गणिताने सरासरी खोळंबा निम्म्यावर येतो. मात्र लाइन भाड्याने घेणाऱ्याला ही चैन नेहमी परवडत नाही, कारण एक रुंद वाट तुटली की हातात काहीच उरत नाही. अनेक लाइनींवर भार वाटणे, म्हणजे लोड बॅलन्सिंग, ही या दोहोंमधली तडजोड आहे.

आपल्याकडची सुरुवात मुंबईतच झाली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या निमित्ताने जुहूचे एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधन केंद्र) आणि पवईचे आयआयटी जोडले गेले. १९८९ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेपर्यंत जी लीज लाइन गेली तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता, आणि देशभरच्या संशोधकांची ईमेल त्या धाग्यावरून जात होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नोव्हेंबर १९९८च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. याच वर्षांत बँका, शेअर दलाल, निर्यातदार यांनी ६४ किलोबिटच्या लाइन घ्यायला सुरुवात केली, आणि ज्यांना ऐपत होती त्यांनी ई-वन घेतली. ई-वन म्हणजे ६४ किलोबिटचे ३२ कप्पे, एकूण सेकंदाला २.०४८ मेगाबिट. भाडे अंतरावर ठरे, म्हणून वसईच्या कारखानदाराला तेच सर्किट अंधेरीच्या कारखानदारापेक्षा महाग पडे. २००५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कमाल दर खाली आणल्यावर हे चित्र पालटू लागले. तेव्हा अख्खी कंपनी ज्या २ मेगाबिटवर चालायची, तो वेग २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँडची किमान पायरी आहे.

त्या मंद लाइनींच्या काळाने या विषयाला पहिला पंथ दिला, आणि तो समजायला एक हिशेब पुरतो. १,५०० बाइटचे पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ६४ किलोबिटच्या लाइनवर ते नुसते बाहेर पडायला १८७.५ मिलिसेकंद लागतात. ई-वनवर सुमारे सहा. आजच्या १०० मेगाबिटवर एका मिलिसेकंदाचा जेमतेम आठवा भाग. ६४च्या दोन लाइन असतील आणि अख्खे पॅकेट एकाच लाइनवर गेले, तर दुसरी लाइन तेवढा वेळ हात बांधून बसणार. म्हणून १९९४ मध्ये प्रमाणित झालेल्या आणि १९९६ मध्ये सुधारलेल्या मल्टिलिंक पीपीपीने पॅकेटचेच तुकडे केले, त्यांना क्रमांक दिले, दोन्ही लाइनवरून एकदम पाठवले आणि पलीकडे पुन्हा जोडले. दोन ई-वन मिळून ४ मेगाबिटची एक लाइन झाल्यासारख्या वागू लागल्या. ही खरी जोडणी. अट एकच: दुसऱ्या टोकालाही हीच भाषा कळणारे यंत्र हवे, म्हणजे दुसरे टोकही आपले हवे, नाहीतर दोन्ही लाइन एकाच पुरवठादाराच्या हव्यात. इथरनेटच्या जगात २००० मध्ये आलेले लिंक ॲग्रिगेशन त्याच घराण्यातले आहे, फक्त ते पॅकेटचे तुकडे करत नाही.

दुसरा पंथ राउटरचा. मुक्कामाला जाणारे दोन रस्ते सारख्याच खर्चाचे असतील तर दोन्ही वापर, ही मुभा ओएसपीएफसारख्या प्रोटोकॉलमध्ये आधीपासून आहे. वाद झाला तो वापर कसा करायचा यावर. एक पॅकेट या लाइनवर, पुढचे त्या लाइनवर, अशी पत्ते वाटल्यासारखी वाटणी केली तर आलेख छान दिसतात. दोन्ही लाइनी टक्क्याला टक्का जुळून भरतात. तरी ही पद्धत बदनाम झाली, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या माणसाला लोकल गाडीवरून लगेच कळेल. बोरिवली–विरार मार्ग आता चार रुळांचा आहे. एका कुटुंबातली चार माणसे चार गाड्यांत चढली तर विरारला पोहोचतील सगळी, पण निघाली त्या क्रमाने नव्हे, आणि शेवटचा येईपर्यंत बाकीचे जिन्याखाली ताटकळतील. कुटुंब एकाच गाडीत बसवले तर ताटातूट टळते. मात्र ती गाडी तुंबलेली असेल तर शेजारच्या रुळावरची रिकामी गाडी त्यांच्या कामाची नाही.

इंटरनेटवरचा टीसीपी या बाबतीत भलताच शंकेखोर आहे. पॅकेट मागेपुढे आली की समोरचा तीच पोच पुन्हा पुन्हा पाठवतो. अशी तिसरी दुबार पोच आली की पाठवणारा धरून चालतो की मधले पॅकेट हरवले. तो ते पुन्हा पाठवतो आणि स्वतःचा वेग निम्म्यावर आणतो. हरवलेले काहीच नसते. १९९९ मध्ये बेनेट, पार्ट्रिज आणि शेक्टमन या तिघांच्या शोधनिबंधाने दाखवून दिले की पॅकेटचा क्रम बिघडणे हा बिघाड नसून समांतर वाटा वापरण्याचा स्वाभाविक परिणाम आहे. पण टीसीपीची समजूत घालणार कोण? म्हणून बहुतेक राउटर आज कनेक्शन धरून वाटणी करतात: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टींचा हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने निघणारा एक आकडा, काढायचा आणि त्यावरून लाइन ठरवायची. एक कनेक्शन शेवटपर्यंत एकाच लाइनवर राहते.

याची किंमतही समजून घेतली पाहिजे. १०० मेगाबिटच्या दोन लाइन घेऊन २०० मेगाबिटची डाउनलोड दिसली नाही म्हणून चिडलेले गिऱ्हाईक या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. एकच मोठी फाइल, रात्रीचा एकच बॅकअप, हे एक कनेक्शन आहे. ते कधीही एका लाइनच्या पलीकडे जाणार नाही. कनेक्शन शेकड्यांनी असली की वाटणी आपोआप सारखी होते. मोजकीच आणि धिप्पाड असली की एक लाइन ९५ टक्क्यांवर आणि दुसरी १०वर, असा आलेख दिसतो आणि कोणाचीही चूक नसते. त्यातच एकामागोमाग दोन राउटरांनी तोच हॅश वापरला तर पहिल्याने डावीकडे पाठवलेले सगळे दुसराही डावीकडेच पाठवतो आणि उजवी वाट कोरडी राहते. २००७ मध्ये यावर एक सुरेख तोडगा मांडला गेला. एकाच कनेक्शनची पॅकेट झुबक्यांनी येतात. दोन झुबक्यांमधली फट दोन वाटांच्या वेळातल्या फरकापेक्षा मोठी असेल तर पुढचा झुबका बेलाशक दुसऱ्या वाटेने पाठवावा, क्रम बिघडणार नाही. डेटा सेंटरांत ही कल्पना रुजली. आपल्या गाळ्यांतल्या राउटरपर्यंत ती पोहोचायची आहे.

तिसरा पंथ वेगवेगळ्या पुरवठादारांना एकत्र नांदवणाऱ्यांचा, म्हणजे बीजीपीवाल्यांचा. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनच्या एका बैठकीत, जेवणाच्या वेळी, सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्तर यांनी कागदी रुमालांवर या प्रोटोकॉलचा आराखडा काढला, आणि जून १९८९ मध्ये त्याचे पहिले रूप प्रसिद्ध झाले. जगातली सगळी जाळी अजूनही त्याच्याच वंशजावर एकमेकांशी बोलतात. वसई-विरारमधला एखादा मध्यम आकाराचा केबल-इंटरनेटवाला दोन-तीन पुरवठादारांकडून सर्किट घेतो, स्वतःचा एएस क्रमांक (आपल्या जाळ्याची बीजीपीतली ओळख) आणि स्वतःचे पत्ते मिळवतो, तेव्हा तो या पंथात दाखल होतो.

इथे एक विचित्र असमतोल त्याची वाट पाहत असतो. घराघरांतून वर जाणारा डेटा थोडा असतो आणि खाली येणारा त्याच्या कितीतरी पट. वर जाणारी वाट तो स्वतः निवडू शकतो. खाली येणारी वाट जगाने निवडायची. तो फक्त इशारे देऊ शकतो: नको असलेल्या वाटेवर आपला क्रमांक दोन-तीनदा लिहून ती लांब असल्याचे भासवायचे, पत्त्यांचे तुकडे करून अर्धे इकडून आणि अर्धे तिकडून जाहीर करायचे, पुरवठादाराने ठरवून दिलेल्या खुणा चिकटवायच्या. पत्त्यांचे तुकडे करण्याची सवय सगळ्या जगाने लावून घेतल्यामुळे एकूण यादी फुगत गेली. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ती ५,१२,००० ओळींच्या पुढे गेली तेव्हा जुन्या राउटरांची स्मृती भरली आणि ठिकठिकाणी इंटरनेट अडखळले. आपल्या दोन लाइनींचा तोल साधताना आपण सगळ्यांच्या राउटरवर ओझे टाकत असतो, हे भान या पंथात उशिरा आले.

शिवाय इंटरनेटवाल्याची सगळी सर्किट एका जातीची राहिलेली नाहीत. एक परदेशाकडे नेणारे, एक निक्सी किंवा डी-सिक्ससारख्या मुंबईतल्या एक्सचेंजकडे, एक व्हिडिओ कंपन्यांच्या साठ्यांकडे. तिथे समान वाटणी हा शब्दच गैरलागू ठरतो. स्वस्त वाट आधी भरायची आणि महाग वाट राखून ठेवायची, हा तिथला व्यवहार.

ज्यांच्याकडे एएस क्रमांक नाही, आणि वसईतल्या बहुतेक ऑफिसांकडे तो नसतो, त्यांच्यासाठी वेगळी चूल आहे. रिगा शहरातून आलेले मायक्रोटिकचे राउटर, लिनक्सची पेटी किंवा दुकानात मिळणारा दोन वॅनचा डबा, यांवर ती चालते. दोन पुरवठादारांचे दोन पत्ते, दोन्हीकडे नॅट, म्हणजे आतल्या यंत्रांचे पत्ते त्या त्या लाइनच्या पत्त्यात बदलणे. नॅटला तज्ज्ञ मंडळी नाके मुरडतात, पण इथे त्याचा एक मोठा उपकार आहे: ज्या लाइनच्या पत्त्याने विनंती गेली त्याच लाइनवर उत्तर येते, म्हणून येणारी रहदारीही आपोआप आपल्या ताब्यात राहते.

त्याची खोड मात्र गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात नीट पाहायला मिळाली. दोन लाइन, नवा राउटर, आलेख एकदम समसमान, लावणारा मुलगा खूश. हिशेब पाहणाऱ्या बाई मात्र दर दहा मिनिटांनी हाक मारत: "दादा, बँकेची साइट परत बाहेर काढतेय." वेगाची तपासणी उत्तम येई. लाइन बदलून झाली, ब्राउझर बदलून झाला. खरी गोष्ट अशी होती की बँकेच्या पानावरची प्रत्येक विनंती वेगळे कनेक्शन होते आणि राउटर ती आलटून पालटून दोन्ही लाइनवर टाकत होता. बँकेच्या सर्व्हरला एकच माणूस क्षणात एका पत्त्यावरून आणि क्षणात दुसऱ्या पत्त्यावरून बोलताना दिसे. चोर समजून तो हाकलत असे, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते. हॅशमधून पोर्ट काढून टाकले, दोन्ही टोकांचे पत्तेच ठेवले, की एका माणसाचे एका साइटशी चाललेले सगळे बोलणे एकाच लाइनवर राहते. समसमानपणा थोडा बिघडला आणि बाईंचे काम सुरळीत झाले. तेवढा बिघडू द्यावा.

त्याच गाळ्यात दुसरी गोष्ट सापडली. लाइन जिवंत आहे की नाही हे राउटर पुरवठादाराच्या पहिल्या यंत्राला पिंग करून ठरवत होता. ते यंत्र पाच मिनिटांच्या अंतरावरच्या खोलीत, खाडीच्या अलीकडे. पलीकडे फायबर तुटले तरी ते यंत्र तत्परतेने उत्तर देत राहणार आणि राउटर निम्मी कनेक्शन त्या मेलेल्या लाइनवर ढकलत राहणार. पिंग नेहमी खाडीपलीकडच्या, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांना करावा, आणि प्रत्येक लाइनची तपासणी त्याच लाइनवरून जाईल असा पक्का मार्ग घालावा. पुस्तकात या एका विषयाला भरपूर पाने दिली आहेत. वाटणीचे गणित चुकले तर वेग कमी होतो. ही तपासणी चुकली तर दोन लाइनींचे भाडे भरूनही ऑफिस बंद पडते.

अलीकडचे दोन पंथ थोडक्यात सांगतो. वरच्या थरावर मल्टिपाथ टीसीपी आला (२०१३). त्यात दोन्ही टोकांची यंत्रे स्वतःच अनेक वाटा वापरतात आणि क्रमाचा घोळ स्वतःच निस्तरतात. ॲपलने तो सिरीसाठी वापरला. दुसरीकडे एकाच मध्यवर्ती नियंत्रकाने सगळ्या वाटांचा भार पाहून वाटप ठरवायचे, ही कल्पना गूगलने स्वतःच्या जाळ्यात राबवली, २०१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि लाइनी आधीपेक्षा कितीतरी जास्त भरून दाखवल्या. एसडी-वॅन या नावाने तिची छोटी आवृत्ती आता विक्रेते दारोदार घेऊन फिरतात. चीज चांगली आहे. लाइनचा खोळंबा आणि गळती सतत मोजून कॉल या बाजूने, बॅकअप त्या बाजूने असे ती खरोखर करते. पण माहितीपत्रकात दोन रंगीत रेषा एकमेकींपासून लांब काढलेल्या असतात. त्या रेषा जमिनीत कुठून जातात हे नियंत्रकाला कळत नाही.

पुन्हा खाडीपाशी येतो. लाइन वर्षातला ९९.५ टक्के वेळ चालू राहील असे करारात लिहिलेले असते. उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास. दोन लाइन पूर्ण स्वतंत्र असतील तर दोन्ही एकदम बंद पडण्याचा काळ वर्षाला अवघा १३ मिनिटे येतो. विक्रीची बोलणी करताना हा आकडा दाखवतात. त्यातली "पूर्ण स्वतंत्र" ही अट कोणी उच्चारत नाही. दोन कंपन्या, दोन बिले, दोन सर्किट आयडी, आणि दोघींनी खाडीपाशी तिसऱ्याच कोणाच्या एकाच केबलमधले कोअर भाड्याने घेतलेले, हे अगदी शक्य आहे. त्या ४४ तासांपैकी निम्मे तास त्या सामाईक टापूतले असतील तर दोन लाइन घेऊनही वर्षाला २२ तास अंधारच.

जगाने हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन वेगळ्या मालकांच्या केबल पाठोपाठ तुटल्या आणि पश्चिमेकडे जाणारे भारताचे इंटरनेट कोलमडले. ज्यांनी सिंगापूरकडून पूर्वेची वाटही घेऊन ठेवली होती ते तगले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात एकदम तीन-चार केबल गेल्या. दोन्ही वेळी केबलची संख्या पुरेशी होती. जागा मात्र एकच चिंचोळी होती. वसईची खाडी ही आमची अलेक्झांड्रिया. मालवाहू रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन, महामार्गाचे काँक्रीट, पाण्याच्या नव्या लाइनी, सगळ्यांचे चर गेल्या काही वर्षांत याच परिसरात खणले गेले आहेत. खणण्याआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ॲप काढले आहे, पण जेसीबी चालवणाऱ्याच्या हातात ते पोहोचले पाहिजे ना.

पावसाचे वेगळेच. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारच्या मोठ्या भागात वीज नव्हती. अशा वेळी केबल शाबूत असूनही रस्त्याकडेच्या पेटीतली बॅटरी उतरते आणि दोन्ही लाइन पाठोपाठ मरतात. वेगळी वाट म्हणताना वेगळी वीजही त्यात धरावी लागते.

आज हे सगळे एवढे निकडीचे का, तर मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर इथल्या घरांचे ऑफिस झाले ते काही प्रमाणात तसेच राहिले. भाजीवाल्याची वसुली यूपीआयवर आली. इस्पितळातून एक्स-रे दूरच्या डॉक्टरकडे जातो. पूर्वी लाइन गेली तर ईमेल थांबे. आता गल्ला थांबतो. आणि हे सांभाळणारी मुले बहुतेक वेळा कामावरच शिकलेली असतात. केबल ओढता ओढता स्प्लायसिंग, मग राउटर. त्यांच्या हाताशी असतात ती इंग्रजीतली माहितीपत्रके आणि कोणाच्या तरी राउटरमधून उचललेल्या आज्ञा. आज्ञा चालतात तोवर ठीक. अडले की का अडले ते सांगायला कोणी नसते.

हे पुस्तक त्या मुलांसाठी आणि त्यांच्या लाइनींवर धंदा असलेल्या मालकांसाठी लिहिले आहे. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही त्याचा उपयोग होईल, पण परीक्षेच्या बेताने ते आखलेले नाही. कोणत्याही एका कंपनीच्या आज्ञा त्यात मुद्दामच कमीत कमी ठेवल्या आहेत. त्या बदलतात, हॅश आणि रांग बदलत नाहीत. मांडणी खालून वर आहे: आधी जमीन, पूल, चर आणि वीज, मग सर्किट, मग पॅकेट, आणि शेवटी नियंत्रक. हिशेब कागद-पेन्सिलीने करता यावेत इतकेच ठेवले आहेत. शब्द बाजारात चालतात तेच वापरले आहेत.

काही ठिकाणी मी बाजू घेतली आहे आणि ती लपवलेली नाही. पॅकेटगणिक वाटणी दोन असमान लाइनींवर करूच नये, असे माझे मत आहे. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसला बहुतेक वेळा वाटणीची गरजच नसते. एक चांगली लाइन चालती आणि दुसरी, वेगळ्या वाटेची, तयार राखलेली, हे जास्त सोपे आणि जास्त भरवशाचे. ज्यांना वाटणी करायचीच आहे त्यांनी दोन लाइन असतील तर गर्दीच्या वेळीही प्रत्येक निम्म्याच्या आत ठेवावी, तीन असतील तर दोनतृतीयांशाच्या आत. दोन्ही ७० टक्के भरलेल्या असताना एक गेली तर दुसरीवर १४० टक्के येणार, आणि ती तुटलेल्या लाइनइतकीच निरुपयोगी होणार. ही मोकळी ठेवलेली जागा मालकाला वाया गेल्यासारखी वाटते. खरे तर दुसऱ्या लाइनचे भाडे आपण त्या मोकळ्या जागेसाठीच भरतो.

वाचकाला एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी तुमच्या दोन्ही पुरवठादारांना पत्र लिहा आणि तुमचे सर्किट तुमच्या दारापासून मुंबईतल्या शेवटच्या टोकापर्यंत कोणत्या रस्त्याने जाते, खाडी कुठे ओलांडते आणि तो टापू त्यांचा स्वतःचा आहे की भाड्याचा, हे लेखी मागा. फोनवर "सर, रूट वेगळा आहे" असे सांगतील; त्यावर समाधान मानू नका. नकाशा मिळाला तर तो पुस्तकात घालून ठेवा, पुढे जागोजागी लागेल. एखाद्याने द्यायचे नाकारले, तर करार नव्याने करण्याची तारीख वहीत नोंदवून ठेवा आणि त्या दिवशी ही अट पहिल्या क्रमांकावर लिहा.